माळ्यावरचा फॅमिकॉम, ‘मीडिया’चा टीव्ही गेम आणि बंद पीएस-२: चालू कसे करायचे, ठेवायचे की विकायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडची तुमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करताना तीन वस्तू हाती लागल्या. मामांनी जपानहून आणलेला लाल-पांढरा निन्टेंडो व्हिडिओ गेम, दोन-तीन कॅसेटींसकट एक ‘मीडिया’ नावाचा टीव्ही गेम, आणि डिस्क न वाचणारा पीएस-२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २. हे चालू कसं करायचं, आणि असे संच जमवून, दुरुस्त करून विकण्याचा जोडधंदा पुण्यात जमेल का?

आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत यातलं काहीही प्लगला लावू नका. घरात पडलेला सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर ‘पिन बसतेय ना, मग चालेल’ म्हणून लावायचा मोह सगळ्यांना होतो, आणि माळ्यावर तीस वर्षं सुखरूप राहिलेला कन्सोल त्या एका सेकंदात जातो.

जोडधंद्याबद्दलचं माझं मतही लगेच सांगून टाकतो. आपल्याकडे ‘बंद आहे’ म्हणून विकायला येणाऱ्या जुन्या संचांपैकी बरेचसे मुळात बिघडलेलेच नसतात. कुणाला चुकीचा अडॅप्टर मिळालेला असतो, कुणाला चुकीचा टीव्ही, कुणाच्या पिनांवर मळ बसलेला असतो. हे ओळखता आलं तर या छंदाचा खर्च छंदातूनच निघतो. नाही आलं, तर लोकांचा माळा आपण पैसे मोजून आपल्या माळ्यावर आणतो. तेव्हा आधी दुरुस्ती, व्यवहार नंतर.

आता तो लाल-पांढरा निन्टेंडो. तुम्ही लिहिलंय की दोन्ही कंट्रोलर वायरीने आतच जोडलेले आहेत आणि दुसऱ्यावर स्टार्ट-सिलेक्टऐवजी एक सरकती कळ आहे. ती कळ मायक्रोफोनच्या आवाजाची. म्हणजे हा अस्सल फॅमिकॉम, जो निन्टेंडोने जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आणला. नकली संचांत मायक्रोफोनच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. कंट्रोलरची बटणं चौकोनी रबराची असतील तर संच अगदी सुरुवातीच्या काळातला आणि संग्राहकांच्या जास्त आवडीचा. ती रबरी बटणं झिजून आत अडकतात म्हणून निन्टेंडोने पुढे गोल प्लॅस्टिकची केली.

याला १० व्होल्ट डीसी लागतो, ८५० मिलिअँपिअर, आणि जॅकच्या मधली पिन निगेटिव्ह. आपल्या बाजारातले जवळपास सगळे अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्ह असलेले असतात. मामांनी मूळ जपानी अडॅप्टर जपून ठेवला असेल तर तो आठवण म्हणून ठेवा, भिंतीत खुपसू नका. तो १०० व्होल्टचा आहे आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. दुसरा सापळा असा की अमेरिकेत विकल्या गेलेल्या करड्या एनईएसचा (फॅमिकॉमच्याच तिकडच्या आवृत्तीचा) अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असल्यामुळे तिथे ते चालतं, फॅमिकॉममध्ये तो नाही. दोन्ही ‘निन्टेंडोचेच’ म्हणून अदलाबदल केली की फॅमिकॉम गेलाच म्हणून समजा.

तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ९ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा डीसी अडॅप्टर मिळतो. तो घ्या, वायर कापून टोकं उलटी जोडा आणि लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा: लाल प्रोब मधल्या छिद्रात, काळा बाहेरच्या कड्यावर, आणि आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं पाहिजे. ९ व्होल्ट का पुरतात? आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर आहे, तो काहीही आलं तरी पुढे ५ व्होल्टच सोडतो. त्याला साधारण ७ पेक्षा जास्त मिळाले की झालं. वरचे सगळे तो उष्णतेत घालवतो, म्हणून १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘चालतो’ खरा, पण आत भट्टी पेटते. हा रेग्युलेटर गेलाच असेल तर दहा-वीस रुपयांचा भाग आहे. जुन्या कन्सोलमध्ये इतक्या स्वस्तात वाचणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

वीज नीट मिळाली, तरी तुमच्या टीव्हीवर चित्र येणार नाही. फॅमिकॉम अँटेनाच्या वायरीतून जपानी चॅनेल १ किंवा २ वर प्रसारण करतो, म्हणजे साधारण ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ वाजतो, टीव्हीचा ट्यूनर तिथे बहुधा जातच नाही. समजा गेला, तरी जपानी एनटीएससी पद्धतीत आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपल्या पाल पद्धतीत ५.५ वर. म्हणून चित्र कसंबसं दिसलं तरी आवाजाच्या जागी नुसती खरखर. मामांनी तो संच माळ्यावर का टाकला असेल याचं कारण बहुधा हेच. संच बिघडला नव्हता, त्याला इथे टीव्हीच मिळाला नाही.

यावर उपाय म्हणजे एव्ही बदल, म्हणजे अँटेनाऐवजी चित्र थेट वायरीने टीव्हीला देणं. चित्र तयार करणाऱ्या चिपच्या २१ नंबरच्या पायावर कंपोझिट सिग्नल असतो. तो एका ट्रान्झिस्टरच्या छोट्या सर्किटमधून बाहेर काढून पिवळ्या सॉकेटला द्यायचा. बीसी५५७ सारखा साधा ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर, बस. पडद्यावर उभ्या फिकट रेषा दिसल्या तर वायर लांब झाली आहे किंवा अर्थिंगची वायर चुकीच्या जागी जोडली आहे. एकच पथ्य पाळा: सॉकेटसाठी कवचाला भोक पाडू नका. वायर मागच्या फटीतून बाहेर काढा आणि आरएफचा (अँटेनातून प्रसारण करणारा) मूळ भाग काढलात तर पिशवीत घालून संचासोबतच ठेवा. उद्या विकायला काढलात, तर परत मूळ रूपात आणता येणाऱ्या संचाला भाव मिळतो, ड्रिल मारलेल्याला नाही. एव्ही सॉकेट असलेला सुधारित फॅमिकॉम निन्टेंडोने १९९३ च्या अखेरीस काढला होता, पण तो आपल्याकडच्या माळ्यांवर मी तरी पाहिलेला नाही.

टीव्ही शक्यतो पिक्चर ट्यूबचा बघा. त्यातही नव्वदीच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा, ज्याच्या मेनूत ‘कलर सिस्टिम’मध्ये पाल आणि एनटीएससी दोन्ही आहेत. फक्त पाल घेणाऱ्या टीव्हीवर जपानी संच काळा-पांढरा दिसतो, कधी चित्र वर-वर सरकत राहतं. लोक याला संचाचा बिघाड समजतात आणि दोनशे रुपयांना देऊन टाकतात. अशा वेळी तुम्ही तिथे असायला हवं! नव्या एलईडी टीव्हीवर चित्र मिळेल, पण यातले बरेचसे टीव्ही जुन्या कन्सोलचं २४० ओळींचं चित्र चुकीचं ओळखतात, ते पुसट होतं आणि बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो. बंदुकीने बदकं मारायचा खेळ तर नव्या टीव्हीवर होणारच नाही. ती बंदूक ट्यूबवरच्या प्रकाशाच्या क्षणाक्षणाच्या वेळेवर चालते.

एक सक्त ताकीद: ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडायचा नाही. ईएचटीच्या (ट्यूबला अतिउच्च व्होल्टेज देणाऱ्या वायरीच्या) टोकाला वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि टीव्ही बंद करून ठेवला तरी ट्यूब भारलेली राहू शकते. पेठांमध्ये अजून काही जुने टीव्ही मेकॅनिक दुकान उघडून बसलेले आहेत. त्यांच्याकडे जा, चहा पाजा, बघत बसा. एसएमपीएस (टीव्हीतला वीजपुरवठ्याचा भाग) कसा तपासायचा हे माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी असंच शिकून घेतलं.

‘मीडिया’च्या संचाबद्दल तुम्ही अगदी ओझरतं लिहिलंय, जणू तो फुकटात आलेला भाग आहे. मला तिघांत तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. फॅमिकॉम जगभर आहेत, जपानहून आजही मागवता येतात. आपल्याकडच्या मुलांनी मात्र मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले ते ‘मीडिया’, ‘समुराई’ असली नावं असलेल्या संचांवर, नाहीतर तैवान-चीनहून आलेल्या बिननावाच्या डब्यांवर. त्यांचे खोके, माहितीपत्रकं, हमीपत्रं कुणी जपून ठेवली नाहीत, कारण ती जपण्यासारखी वस्तू आहे असं कुणाला वाटलंच नाही. खोका, आतला थर्मोकोल, दुकानाचा शिक्का असलेलं बिल यातलं काहीही सापडलं तर टाकू नका. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानाचं, हाताने लिहिलेलं बिल जोडलेला संच आणि नुसता संच यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, निदान आपल्याकडच्या घेणाऱ्यांत तरी.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र हे संच दोन टोकांचे असतात. जुन्या, जाड बोर्डाच्या संचात वेगवेगळ्या आयसी (चिपा) असतात, त्या शोधता येतात, बदलता येतात. नंतरच्यांत सगळा संसार एका काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली असतो. तो ठिपका गेला की संच गेला, वेळ घालवू नका. पण ठिपका सहसा जात नाही. जातात त्या कंट्रोलरच्या वायरी, अगदी कनेक्टरच्या तोंडाशी, कारण मुलं वायर धरून ओढतात. कंट्रोलर उघडा, मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा आणि एकेक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजते का बघा. न वाजणारी बहुधा पहिल्या इंचातच तुटलेली असते. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडायचा. बटण दाबलं की उशिरा लागतं अशी तक्रार असेल तर रबराखालची काळी कार्बनची टिकली आणि बोर्डावरची नक्षी पुसून घ्या.

कॅसेट. फुंकर मारू नका. हो, आपण सगळे मारायचो, आणि चालायचं कारण कॅसेट काढून पुन्हा बसवली जायची, फुंकरीमुळे नाही. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि वर्षानुवर्षांत तिथे हिरवट गंज धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, दुकानदाराला ‘आयपीए’ म्हटलं की कळतं. इअरबडवर घेऊन पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा, बड काळा व्हायचा थांबेपर्यंत. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, अडलं तर चालेल. थिनर अजिबात नको, प्लॅस्टिक खातो.

फॅमिकॉमच्या कॅसेटचं एक गुपित दुकानदारांनाही माहीत नसतं. त्या कॅसेटला साठ पिना असतात, आणि संचाचा आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जाऊन ४६ मधून परत येतो. कॅसेटला स्वतःचा आवाज त्यात मिसळता यावा म्हणून जपान्यांनी केलेली ही सोय. त्यामुळे चित्र स्वच्छ आहे पण आवाज नाही, असं झालं की आधी या दोन पिना साफ करा. ‘साउंड आयसी उडालाय’ असं निदान झालेला संच मी पुढ्यात घेतो, मागच्या ओळीच्या मधोमधचा मळ काढतो आणि आवाज येतो, हे इतक्यांदा झालंय की आता संचापेक्षा समोरच्याचा चेहरा बघायला मजा येते.

पुढे जमवायला लागाल तेव्हा सेव्ह होणाऱ्या कॅसेटींची बॅटरी लक्षात ठेवा. निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेम बॉयवरच्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर खेळांमध्ये सीआर२०२५ सेल सोल्डर केलेला असतो आणि तो सेव्हही सांभाळतो, आतलं घड्याळही चालवतो, म्हणून लवकर संपतो. सेल काढला की आतला खेळ पुसला गेला. कुणाच्या लहानपणाचा सेव्ह असेल तर आधी कॅसेट रीडरवर उतरवून घ्या, मग सेलला हात लावा. पोकेमॉनच्याच रुबी, सॅफायर, एमराल्डमध्ये उलट: तिथे सेल फक्त घड्याळाचा, सेव्ह फ्लॅश मेमरीत, तिला सेल लागत नाही. या कॅसेटींच्या नकला जुन्या बाजारात ढिगाने दिसतात. अस्सल कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, तिरक्या उजेडात धरलं की दिसतात, आणि पिनांच्या वर बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं. ते नसेल तर स्टिकर कितीही चकाचक असो, घेऊ नका. घेतलीत तर नक्कल म्हणूनच विका.

आता पीएस-२. याची संख्या सगळ्यात जास्त आणि पुण्यात गिऱ्हाईकही यालाच. तळाचा मॉडेल नंबर बघा. जाडा असेल किंवा ९०००० मालिकेतला स्लिम (पातळ) असेल तर वीज थेट आत जाते. त्याआधीच्या स्लिमना बाहेरचा अडॅप्टर, ८.५ व्होल्टचा. इथे लोक १२ व्होल्टचा एलईडी पट्टीचा अडॅप्टर लावतात. तुमच्या घरी तो प्रयोग आधीच कुणी केला असेल तर बोर्डावरचे तांदळाच्या दाण्याएवढे फ्यूज आधी वाजवून बघा, नशीब चांगलं असेल तर एवढंच गेलेलं असतं. आतमध्ये वीजपुरवठा असलेला कोणताही कन्सोल उघडताना प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या. २३० व्होल्टवर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो.

डिस्क वाचत नाही म्हणता, पण कोणती? निळ्या पोटाची सीडी आणि चंदेरी डीव्हीडी यांना वेगवेगळे लेझर लागतात. एक वाचतोय, एक नाही असं असेल तर लेन्सच थकली आहे. दोन्ही कधी वाचतात, कधी नाही, तर आधी साफसफाई. लेन्सवर आयपीएचा अगदी हलका हात, रुळांवरचं चिकट झालेलं जुनं ग्रीस पुसून पांढरं ग्रीस टिपकाभर, आणि पट्टीसारखी रिबन केबल सॉकेटमध्ये सरळ बसली आहे का ते पाहणं. सुरुवातीच्या स्लिममध्ये हीच केबल वर उचलली जाऊन फिरत्या डिस्कवर गोल ओरखडा पाडते. एकाच अंतरावर वर्तुळाकार ओरखडे असलेल्या डिस्का दिसल्या की दोष डिस्कचा नाही, संचाचा. आणि हो, झुरळं. पीएस-२ उबदार असतो, आत अंधार असतो, आणखी काय हवं त्यांना? उघडायचं काम गच्चीत किंवा गॅलरीत करा, घरचे धन्यवाद देतील.

लेन्सच्या कडेला एक सूक्ष्म स्क्रू दिसेल. तो फिरवला की लेझरला जास्त प्रवाह मिळतो आणि मेलेली लेन्स चार दिवस पळते. बाजारातले काही जण विकण्याआधी हेच करतात. तुम्ही करू नका, आणि घेताना पंधरा मिनिटं खेळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नवी लेन्स मागवताना संचाच्या नंबरावर न जाता लेन्सवरचाच नंबर जुळवा. बसवल्यावर अजिबातच हालचाल नसेल तर घाबरू नका: स्थिर विजेपासून बचाव म्हणून काही नव्या लेन्सच्या छोट्या बोर्डावर दोन बिंदू सोल्डरने जोडून पाठवतात. तो टिपका काढल्याशिवाय लेझर लागतच नाही. कित्येक चांगल्या लेन्स ‘पीस खराब आला’ म्हणून परत जातात त्या यामुळे.

पुण्यात माल कुठे? मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा, कारण दुपारपर्यंत चांगलं ते दुकानदारांनीच आपसात उचललेलं असतं. तिथे प्लग नसतो, म्हणून खिशात चार पेन्सिल सेल, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि मल्टिमीटर ठेवा. हातातल्या गेम बॉयसारख्यांना सेल घालून तिथेच बघता येतं. सेलच्या कप्प्यात पांढरा-हिरवा थर असेल तर किंमत निम्मी सांगा. अडॅप्टरवर चालणाऱ्यांसाठी स्विच चालू करून जॅकच्या दोन टोकांवर रेझिस्टन्स मोजा. शून्याच्या आसपास आला तर आत शॉर्ट आहे. वस्तू हलवून ऐका, नाकाशी धरून जळका वास येतो का बघा, मासळीसारखा वास असेल तर कपॅसिटर गळले आहेत. सेगाच्या गेम गिअरला हा रोग ठरलेलाच. तो घ्यायचा असेल तर सगळे कपॅसिटर बदलायचेत हे धरूनच भाव करा.

सेगाचा मेगा ड्राइव्ह कन्सोल दिसला तर सोडू नका. आपल्याकडे तो १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत अधिकृतपणे आला होता आणि किंमत होती १८,००० रुपये! त्या काळात कुणाच्या घरी असेल? म्हणून तो जुना बाजारात कमी आणि कँप, कोरेगाव पार्क, प्रभात रोड अशा भागांतल्या जुन्या घरांत जास्त. बंद असलेल्या मेगा ड्राइव्ह २ मध्ये पहिल्यांदा पॉवर जॅकचे पाय बघायचे. बोर्ड उलटा धरा, भिंगातून पाहा: पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते, ड्राय सोल्डर. जॅकमध्ये पिन घालून-काढून तो सांधा तडकलेला असतो. जुनं सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) शोषून घ्या, फ्लक्स लावा, नवं सोल्डर पायाभोवती पाण्यासारखं पसरेपर्यंत थांबा आणि मगच सोल्डरिंग आयर्न उचला. पाच मिनिटांचं काम. २५ वॅटची साधी आयर्न याला पुरते. बारीक कामासाठी तापमान ठरवता येणारी पुढे घ्या, पहिल्याच दिवशी नको.

पण खरा साठा तुम्हाला सापडला तिथेच आहे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, पेठा, जिथे जिथे इमारती पाडायला निघाल्या आहेत तिथे माळे रिकामे होत आहेत आणि सगळं थेट भंगारात चाललंय. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर साधा निरोप टाका की जुने टीव्ही गेम टाकू नका, मी येऊन नेतो. मात्र एखाद्या काकूंनी फुकट दिलेला संच पुढे भरपूर किमतीला गेला तर त्यांना सांगा आणि काहीतरी द्या. पुणं मोठं झालं असलं तरी याबाबतीत अजून गावच आहे, बातमी पोचते.

जपानहून मागवायचं म्हटलं तर पोस्टेज धरून कस्टम्स लागते, आणि पार्सलवर ‘भेट’ लिहिलं की सुटतं हा समज २०१९ च्या अखेरीपासून जुना झाला. भारी, बोजड कन्सोल मागवणं परवडत नाही. कॅसेटी ठीक.

पिवळेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. प्लॅस्टिकमधल्या आग-रोधक द्रव्यामुळे ते ऊन आणि काळ यांनी पिवळं पडतं. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम मिळतं, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. कवच सुटं करून, ते लावून, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवतात. हातमोजे घाला. एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन फार कडक पडतं, क्रीम वाळलं की पांढरे डाग उमटतात आणि ते जात नाहीत. पिवळेपणाही काही वर्षांनी परत येतो. मला विचाराल तर एकसारखा पिवळा झालेला संच तसाच राहू द्यावा.

ठेवताना वायर कंट्रोलरभोवती गुंडाळू नका आणि रबरबँड तर मुळीच लावू नका. वायरीतलं मऊपणाचं द्रव्य कवचात उतरून त्यावर कायमचे चर पडतात, रबर वितळून चिकटतं. डांबराच्या गोळ्याही कपाटात नकोत. पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि डिस्कांवर बुरशी आली का ते मधूनमधून बघणं.

धंद्याचं गणित. पोटापाण्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगतो. चालू, स्वच्छ, दोन कंट्रोलर आणि मेमरी कार्डासकट पीएस-२ पुण्यात पटकन जातो, घेणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, आता स्वतःच्या मुलांना दाखवायला घेणारे. त्यात सुटतात ते तुमच्या हातच्या कामाचे पैसे. दुर्मीळ संच घेऊन भाव वाढायची वाट बघणं हा वेगळा खेळ आहे, त्याला भांडवल आणि कोरडी खोली लागते. भाव ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, किती रुपयांना वस्तू खरोखर गेली ते बघा. मागायला काय, कुणीही लाख मागतो.

विकताना काय दुरुस्त केलं, कोणता भाग नवा, कोणता नकली, सगळं लिहून द्या. चालू असतानाचा व्हिडिओ पाठवा, आठ दिवसांत परत घ्यायची तयारी ठेवा. गिऱ्हाईक त्याच्यासारखी चार आणतं. पैसे खात्यात आलेले स्वतः बघा, समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नव्हे. आणि पैसे घ्यायला कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही. ‘मिलिटरीत आहे, क्यूआर पाठवतो’ असा फोन आला की ठेवून द्या.

तुमच्या तिघांपुरतं: फॅमिकॉम ठेवा, तो मामांचा आहे. मामा असतील तर एव्ही बदल करून त्यांना घरी बोलवा, त्यांनी बहुधा तो कधी नीट रंगात पाहिलेलाच नाही. ‘मीडिया’चा संच निदान वर्षभर विकू नका, आधी त्याच्यासोबतचे कागद शोधा. पीएस-२ वर हात बसवा आणि चालू झाला की विकून त्या पैशांतून बरा मल्टिमीटर घ्या. पुढचं विचाराल तेव्हा पीएस-२च्या तळाचा मॉडेल नंबर, तो सीडी वाचतो की डीव्हीडी की दोन्ही नाही, आणि ‘मीडिया’ उघडून बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. काळा ठिपका आहे की सुट्या आयसी, त्यावर पुढचं सांगता येईल.